विश्लेषण : नळदुर्गचा खंदक म्हणजे किल्ल्याची दगडखाणच? धाराशिवच्या काळ्या दगडाचा वारसा का जपायचा?

किल्ला पाहायला गेलेला माणूस बुरूज पाहतो, दरवाजा पाहतो, तोफ पाहतो. खंदकाकडे मात्र फारसे कुणी पाहत नाही. तो ओलांडायचा आणि आत जायचे, एवढेच. धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्गचा पश्चिमेकडील खंदक नुसता खड्डा नाही. तो बहुतांशी अखंड काळ्या कातळात खोदलेला आहे. एवढा कातळ फोडला, तर त्यातून निघालेला दगड गेला कुठे? या प्रश्नाचे उत्तर जिल्ह्याच्या बांधकामाचा इतिहास सांगते आणि आजच्या डागडुजीचा एक अवघड प्रश्नही समोर आणते.

चर्चा आत्ताच का?

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने १२ किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यातील ११ महाराष्ट्रातील, तर जिंजी हा तमिळनाडूतील. मराठवाड्यातील एकही किल्ला या यादीत नाही. यादीचा विषय मराठा लष्करी व्यवस्था हा असल्याने बहमनी-आदिलशाही घडणीचे नळदुर्ग आणि परंडा हे किल्ले त्यात नसणे समजण्यासारखे आहे.

मात्र या निमित्ताने राज्यभर किल्ल्यांच्या दुरुस्तीची, निधीची आणि पर्यटनाची चर्चा सुरू झाली. दुरुस्ती म्हटली की पहिला प्रश्न येतो तो सामग्रीचा. चारशे वर्षांपूर्वीच्या तटातील निखळलेल्या दगडाच्या जागी कोणता दगड बसवायचा? तो आणायचा कुठून? मूळ दगड जिथून आला ती जागा माहीत असेल, तर उत्तर सोपे होते. ती जागाच नोंदीत नसेल, तर जवळच्या क्रशरवरून मिळेल तो दगड येतो.

नळदुर्ग नेमका कशावर उभा आहे?

नळदुर्ग तुळजापूर तालुक्यात, सोलापूर-हैदराबाद महामार्गावर आहे. बोरी नदीच्या खोऱ्यात पुढे आलेल्या एका पठारी टेकाडावर किल्ला बांधला आहे. तीन बाजूंना उभे कडे, त्यातील काहींच्या पायथ्याशी नदी. फक्त पश्चिमेकडे हे टेकाड एका चिंचोळ्या पट्ट्याने मुख्य पठाराला जोडलेले आहे. शत्रू येणार तो इथूनच. त्यामुळे सगळ्यात भक्कम बांधकामही इथेच दिसते.

हा सगळा परिसर दख्खनच्या लाव्हाथरांचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर पडला, एकावर एक थर साचले आणि त्यांचा बेसाल्ट झाला. आपण त्याला काळा पाषाण, काळा कातळ किंवा काळवत्री म्हणतो. सगळे थर सारखे नसतात. एक थर घट्ट आणि जड असतो, त्याच्यावरचा किंवा खालचा थर सच्छिद्र असतो. विहीर खोदणारे लोक या दुसऱ्या प्रकाराला मांजऱ्या म्हणतात. त्याहून झिजलेला तो मुरूम. घडीव बांधकामाला लागतो तो घट्ट थर. मुरूम भरावाला चालतो, बुरुजाच्या दर्शनी भागाला नाही.

मेडोज टेलरने काय नोंदवून ठेवले?

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड, रायचूर दोआब आणि धाराशिव-नळदुर्गचा मुलूख ब्रिटिशांकडे सोपवला. त्यानंतर या भागाचा कारभार पाहायला आलेला अधिकारी म्हणजे फिलिप मेडोज टेलर. ठगांवरील कादंबरीमुळे तो वाचकांना माहीत आहे. नळदुर्गला त्याचा मुक्काम होता. १८६० मध्ये हा मुलूख पुन्हा निजामाकडे गेला. टेलरचे आत्मचरित्र त्याच्या मृत्यूनंतर १८७७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात किल्ल्याचे बारकाईने केलेले वर्णन आहे.

आपल्या विषयासाठी त्यातील तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली, टेकाडाच्या कड्यांत बेसाल्टचे खांबासारखे उभे सांधे दिसतात, असे तो नोंदवतो. दुसरी, काही बुरूज घडीव बेसाल्टमध्ये फार भक्कम बांधलेले आहेत, असे तो सांगतो. तिसरी आणि सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे पश्चिमेकडील रुंद, खोल, कोरडा खंदक बहुतेक ठिकाणी बेसाल्ट कातळातच खोदलेला आहे. खंदकाच्या बाहेरच्या भिंतीची उंची तो सुमारे २० फूट, म्हणजे सहा मीटर, देतो.

म्हणजे खांबासारखे सांधे असलेला घट्ट कातळ जागेवर आहे, तो खोदून काढलेला आहे आणि त्याच्या लगत त्याच जातीच्या दगडाची तटबंदी उभी आहे. या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या की खंदकाची दुसरी ओळख समोर येते. खंदक हे संरक्षणाचे साधन होतेच, पण ती बांधकामाची खदानही होती.

हिशेब काय सांगतो?

हे समजून घ्यायला एक नमुना हिशेब करू. समजा, तटाची भिंत १० मीटर उंच आणि तीन मीटर जाड आहे. तिच्या एक मीटर लांबीला ३० घनमीटर सामग्री लागेल. घट्ट बेसाल्टचा एक घनमीटर साधारण २.८ ते २.९ टन भरतो. म्हणजे एका मीटर भिंतीला सुमारे ८५ टन. बैलगाडीवर टनभर दगड लादला, असे धरले तरी ८५ खेपा. शंभर मीटर भिंतीला साडेआठ हजार खेपा. आतला गाभा डबर आणि चुना-मातीने भरला, तरी डबरही कुठून तरी वाहून आणावेच लागते.

आता खंदकाचा हिशेब. १२ मीटर रुंद आणि सहा मीटर खोल खंदकाच्या प्रत्येक मीटर लांबीतून ७२ घनमीटर कातळ निघतो. त्यातील निम्मा फुटून वाया गेला, तरी ३६ घनमीटर उरतो. म्हणजे समोरच्या एक मीटर भिंतीची गरज भागून थोडा शिल्लकच. वाहतुकीचे अंतर काही पावलांचे.

यात आणखी एक फायदा आहे. सहा मीटर खाली गेले आणि १० मीटर वर चढवले, तर हल्लेखोरापुढे १६ मीटरची उभी चढण तयार होते. एकाच श्रमात खड्डाही झाला आणि भिंतही. आकडे नमुन्याचे असले, तरी दख्खनच्या किल्लेबांधणीतील अर्थशास्त्र याच पद्धतीचे होते. किल्ल्याचा सगळाच दगड खंदकातून आला असे नाही. कडे तासताना, वाटा काढताना, टाकी खोदतानाही दगड निघतोच. तत्त्व एकच, खोदलेले वाया जाऊ द्यायचे नाही.

देवगिरीचा म्हणजे दौलताबादचा कातळात कोरलेला खंदक याच परंपरेतला. रायगडावरील गंगासागर तलावाबद्दलही हेच सांगितले जाते. गडाच्या बांधकामासाठी दगड काढला आणि त्या खाणीत पाणी साठवले. सह्याद्रीतल्या गडांवर दिसणारी पाण्याची टाकी अनेकदा आधी खाण आणि मग टाके असतात.

दगड काढायचे कसे?

यंत्रे नव्हती तेव्हा कातळाशी भांडून उपयोग नसे. त्याचे सांधे शोधावे लागत. लाव्हा थंड होताना आकसतो आणि त्यात उभ्या भेगा पडतात. खांबासारखे दिसणारे सांधे ते हेच. अनुभवी पाथरवट या भेगेत पहार घालून दगड सुटा करतो. जिथे भेग नसेल तिथे छिन्नीने एका ओळीत छोटी खोबणी पाडायची, त्यात लोखंडी पाचरी बसवायच्या आणि घणाने एकामागून एक ठोकत जायचे. ताण ओळीने वाढतो आणि कातळ त्या रेषेत उकलतो.

सुटा झालेला दगड मग घडवणाऱ्याच्या हाती जाई. दर्शनी तोंड सपाट, कडा काटकोनात, मागची बाजू निमुळती आणि ओबडधोबड. असा चौकोनी घडीव दगड म्हणजे खांडकी. मागची निमुळती बाजू गाभ्यातल्या डबरात रुतते आणि भिंतीला पकड देते. चुना घाणीत मळून लावला जाई.

हे काम करणाऱ्यांत पाथरवट आणि वडार समाजाचे स्थान मोठे आहे. वडारांमध्ये माती वडार, गाडी वडार अशी नावेच कामावरून पडली आहेत. किल्ल्याच्या शिलालेखात सुलतानाचे आणि काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव येते, दगड फोडणाऱ्याचे येत नाही. त्याची सही असते ती पाचरीच्या खोबणीत आणि छिन्नीच्या घावांत. म्हणूनच जुनी खाण बुजवणे म्हणजे या माणसांची एकमेव नोंद पुसणे.

याच दगडाने पाणी कसे अडवले?

नळदुर्गचा दगड किती नेमका घडवला जात होता, याचा पुरावा पाणीमहाल देतो. किल्ला आणि शेजारचा रणमंडळ यांच्यामध्ये बोरी नदीवर दगडी बंधारा आहे. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळातील, म्हणजे १५८० ते १६२७ या कारकिर्दीतील हे काम. बंधाऱ्याच्या पोटात दालन आहे. पावसाळ्यात नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळते आणि आतल्या दालनात माणूस कोरडा उभा राहू शकतो. पर्यटक येतात ते मुख्यतः हे पाहायला.

बंधाऱ्यासाठी सच्छिद्र दगड चालत नाही. पाणी झिरपते आणि सांधे सैल होतात. घट्ट थराचा दगड निवडणे, त्याच्या कडा एकमेकींना चिकटतील इतक्या सरळ करणे आणि चुन्याने सांधा भरणे, या तिन्ही गोष्टी जमल्या तरच असे काम टिकते. याचा अर्थ कोणत्या थरातून दगड काढायचा, हे त्या कारागिरांना पक्के ठाऊक होते. खाणीचे ज्ञान हा स्थापत्याचा पहिला टप्पा होता.

जिल्ह्यात सगळीकडे दगडच वापरला का?

नाही, आणि इथेच हा जिल्हा अभ्यासासारखा आहे. तेरणेकाठचे तेर म्हणजे प्राचीन तगर. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासग्रंथात या व्यापारी नगराचा उल्लेख आहे. तिथले त्रिविक्रम मंदिर विटांचे आहे. मूळचे ते बौद्ध चैत्यगृह असावे, असे अभ्यासक मानतात. नदीकाठची माती हाताशी असल्याने तेरने वीट निवडली. पाण्यावर तरंगणाऱ्या हलक्या विटा ही तर तेरची खास ओळख.

धाराशिव शहराजवळच्या डोंगरात सात लेण्यांचा समूह आहे. पाचव्या ते सातव्या शतकातील ही लेणी. इथे दगड काढून दुसरीकडे नेलेला नाही, तर दगड काढल्यावर उरलेली पोकळी हीच वास्तू आहे. कातळाची निवड चुकली की काय होते, तेही लेण्यांत कळते. कमजोर थर आला की खांब झिजतात, छत ढासळते.

भूम तालुक्यातील माणकेश्वरचे शिवमंदिर आणि उमरग्याचे महादेव मंदिर ही घडीव दगडाची कामे. तिथे मूर्तिकामासाठी एकसंध, बारीक कणाचा दगड लागला. म्हणजे माती, पोकळ डोंगर, कोरीव दगड आणि तटबंदीचा दगड असे चार प्रकार एका जिल्ह्यात दीड-पावणेदोन हजार वर्षांत दिसतात. प्रत्येक ठिकाणी ठरवणारी गोष्ट होती ती पायाखालची जमीन.

१९९३ नंतर दगड नकोसा का झाला?

३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट. ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातील किल्लारीचे नाव जगभर गेले, पण तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील सास्तूर, पेठसांगवीसारखी गावेही उद्ध्वस्त झाली. मृतांचा आकडा आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगितला जातो. दोन्ही जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली.

माणसे मेली ती मुख्यतः घराखाली. दगड-मातीच्या दोन-अडीच फूट, काही ठिकाणी त्याहूनही जाड भिंती आणि वर माळवद. माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात घर गार ठेवणारी ही रचना. दरवर्षी गळती रोखायला वरून माती टाकली जाई आणि छपराचे वजन वाढत जाई. भूकंपात भिंती फुटल्या आणि हे वजन झोपलेल्या माणसांवर आले.

त्या पहाटेनंतर दगडी घर म्हणजे मरण, असे समीकरण या भागात पक्के झाले. त्यात नवल काही नाही. ज्याने आपली माणसे ढिगाऱ्यातून काढली, त्याला दगडाच्या वारशाचे कौतुक सांगता येत नाही. पुनर्वसनातील नवी घरे काँक्रीट आणि ब्लॉकची झाली. त्यानंतर खेडोपाडी घडीव दगडाची मागणी घटत गेली आणि ती घडवणारे हातही दुसऱ्या कामाकडे वळले.

दोष दगडाचा होता की बांधणीचा?

अभियंत्यांच्या पाहणीतून निघालेले उत्तर स्पष्ट होते. कमी पडली ती बांधणी. जाड भिंत प्रत्यक्षात एक भिंत नव्हती. आतून एक आणि बाहेरून एक असे दोन पापुद्रे होते, मध्ये छोटे दगड आणि माती. दोन्ही पापुद्र्यांना बांधून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड नव्हता. गोल, न घडवलेले धोंडे मातीत रचलेले होते. हादरा बसताच पापुद्रे सुटे झाले, एक आत पडला आणि एक बाहेर.

१९९३ मध्येच प्रसिद्ध झालेले भारतीय मानक ‘आयएस १३८२८’ कमी ताकदीच्या दगडी बांधकामासाठी नेमका हाच उपाय सांगते. भिंतीची जाडी ४५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. उंचीच्या दर ६०० मिलिमीटरला आणि आडव्या दिशेत जास्तीत जास्त १.२ मीटरला एक आरपार दगड हवा. शिवाय भिंतींना बांधणारा आडवा पट्टा हवा. २००२ मध्ये भूकंपप्रवणतेचा नकाशा सुधारला तेव्हा किल्लारी परिसर सर्वात कमी धोक्याच्या वर्गातून झोन तीनमध्ये आला.

इथे खाणीचा संबंध पुन्हा येतो. आरपार दगड हवा तर दीड फूट लांबीचा अखंड तुकडा लागतो. तो शेतातल्या धोंड्यांतून मिळत नाही, सांधा पाहून खाणीतून काढावा लागतो. गरिबाच्या घराला खदानीचा दगड परवडत नव्हता. त्याने नांगरताना वर आलेले धोंडे वापरले. किल्ल्याला खाण होती, पाथरवट होते, चुना होता. गावातल्या घराला धोंडे आणि माती होती. दगड एकाच लाव्हाचा, पण एका बाजूला कारागिरी होती आणि दुसऱ्या बाजूला नाइलाज.

म्हणून दगडी वारसा जपण्याची चर्चा भूकंप विसरून करता येत नाही. उलट, नीट घडवलेला आणि नीट बांधलेला दगड कसा असतो, हे दाखवणारी जागा म्हणून जुनी खाण आणि तिच्या लगतची भिंत यांचे मोल १९९३ नंतर वाढले आहे.

मग आज अडचण काय आहे?

दगडाच्या खाणी आजही आहेत, पण त्यांचा माल बदलला. पूर्वी खाणीतून खांडकी निघे, आज खडी निघते. रस्ते, पूल आणि काँक्रीटला खडी लागते. त्यासाठी सुरुंग लावला जातो. स्फोटाने मोठा कातळ तुकडे होऊन पडतो आणि उरलेल्या तुकड्यांतही केसासारख्या बारीक चिरा जातात. क्रशरसाठी हे ठीक आहे. बुरुजाच्या दुरुस्तीसाठी नाही. चीर गेलेला दगड घडवताना फुटतो किंवा काही पावसाळ्यांनी उकलतो.

परिणामी जुन्या वास्तूंच्या डागडुजीत तीन चुका वारंवार दिसतात. घट्ट दगडाच्या शेजारी सच्छिद्र दगड बसवला जातो आणि तो आधी झिजतो. रंग जुळत नाही म्हणून ठिगळ लांबून ओळखू येते. चुन्याऐवजी सिमेंट वापरले जाते. चुन्याचा सांधा थोडा लवचीक असतो आणि भिंतीत शिरलेला ओलावा त्यातून बाहेर पडतो. सिमेंट कडक असते. ओलावा आत अडकतो, क्षार साठतात आणि शेजारचा जुना सांधा सुटू लागतो.

योग्य दगड ओळखण्यासाठी मूळ कातळाशी तुलना करावी लागते. कणांची जाडी, पोकळ्यांचे प्रमाण, घनता, पाणी शोषण्याची क्षमता अशा चाचण्या त्यासाठी आहेत. किल्ल्याच्या भिंतीतून नमुना काढणे म्हणजे वास्तूला धक्का. पण खंदकाच्या उभ्या कातळात तोच थर उघडा असतो. म्हणजे खंदक हा दुरुस्तीसाठीचा तयार नमुनासंग्रह आहे. तो भरावाने, कचऱ्याने किंवा सुशोभीकरणाच्या सिमेंटने झाकला गेला, तर हा संग्रह हातचा जातो.

कायदा काय म्हणतो?

नळदुर्ग हे राज्य संरक्षित स्मारक आहे. त्याला १९६० चा महाराष्ट्र प्राचीन स्मारके व पुराणवस्तुशास्त्रविषयक स्थळे व अवशेष कायदा लागू होतो. राज्याच्या स्मारक संगोपन योजनेतून गेल्या दशकात किल्ल्याची देखभाल खासगी सहभागातूनही झाली. खंदक किल्ल्याचाच भाग असल्याने तो या कायद्याच्या छायेत येतो. पण तो ‘संरक्षक खंदक’ म्हणून. ‘खाण’ म्हणून त्याची वेगळी नोंद ठेवण्याची सोय नाही.

स्मारकाबाहेरच्या जुन्या खाणींची स्थिती आणखी नाजूक. १९५७ च्या खाण व खनिज कायद्यात बांधकामाचा दगड ‘गौण खनिज’ आहे आणि त्याचे नियम करण्याचा अधिकार राज्याला आहे. महाराष्ट्राचे गौण खनिज नियम २०१३ चे आहेत. खाणपट्टा, परवाना आणि स्वामित्वधन हे त्यांचे मुख्य विषय. मोजमाप ब्रासमध्ये. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, अखंड बेसाल्ट असेल तर साधारण आठ टन. सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ च्या दीपक कुमार प्रकरणात पाच हेक्टरपेक्षा लहान गौण खनिज पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरीच्या कक्षेत आणले. त्यामुळे नव्या उत्खननावर नजर आली.

पण शंभर-दोनशे वर्षांपूर्वी बंद पडलेल्या खाणीचे काय? महसूल खात्याच्या दृष्टीने ती पडीक जमीन किंवा पाण्याचा डोह. पुरातत्त्वाच्या दृष्टीने ती स्मारक नाही. खनिकर्माच्या दृष्टीने तिच्यात उत्पन्न नाही. तिन्ही खात्यांच्या मधल्या फटीत ती हरवते. केंद्रीय खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये भूवारसा स्थळांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा जाहीर केला होता. लोणारसारखी स्थळे भूवैज्ञानिक स्मारक म्हणून आधीच ओळखली जातात. माणसाने कातळावर केलेल्या कामाची जागाही भूवारशात मोजायची का, हा पुढचा प्रश्न आहे.

इतरत्र काय केले गेले?

राजस्थानच्या मकराना संगमरवराला २०१९ मध्ये जागतिक वारसा दगड म्हणून आंतरराष्ट्रीय भूवैज्ञानिक मान्यता मिळाली. ताजमहालाचा हा दगड. दख्खनचा बेसाल्ट आणि मुंबईचा मालाड दगड यांचा दावाही भूवैज्ञानिकांनी शोधनिबंधांतून मांडला आहे. म्हणजे वास्तूबरोबर तिचा दगडही वारसा ठरू शकतो, ही कल्पना आता नवी राहिलेली नाही.

मुंबईत या प्रश्नाची किंमत मोजून झाली आहे. गेटवे ऑफ इंडियाचा पिवळसर बेसाल्ट मालाडजवळच्या खारोडीचा. १९११ मध्ये पायाभरणी, १९२४ मध्ये काम पूर्ण. त्या काळच्या मालाड-कुर्ला पट्ट्यातील खाणींवर आज शहर उभे आहे. त्या दगडाशी जुळणारा दगड हवा असेल, तर मूळ जागी जाऊन तो काढता येत नाही. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलची गोष्ट उलटी. आजूबाजूचा दगड नेला गेला आणि खांबासारख्या सांध्यांचा मधला कातळ तेवढा उरला. २००७ मध्ये महापालिकेने त्याला वारसा दर्जा दिला. तोवर भोवती इमारती दाटल्या होत्या.

इंग्लंडमध्ये वेगळी वाट निवडली गेली. तिथे जुन्या इमारती, त्यांचा दगड आणि तो कोणत्या खाणीतून आला, यांची जोडणी करणारी माहिती जिल्हावार गोळा करण्यात आली. दुरुस्तीची वेळ आली की जुळणारा दगड कुठे मिळेल, हे त्यातून शोधता येते. नव्या विकास आराखड्यात अशा खाणींची जागा झाकली जाऊ नये, यासाठीही ती माहिती उपयोगी पडते.

धाराशिवमध्ये काय करता येईल?

पहिले काम नोंदीचे, आणि त्याला मोठा निधी लागत नाही. नळदुर्ग, परंडा, माणकेश्वर, उमरगा या वास्तूंजवळचे उघडे कातळ, कोरीव खड्डे आणि बंद खदानी यांचे अक्षांश-रेखांश, छायाचित्रे आणि थरांची माहिती एकत्र करणे. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या भूगोल, इतिहास आणि स्थापत्य अभियांत्रिकी विभागांना हे प्रकल्प म्हणून करता येईल.

दुसरे, खंदकाच्या कातळाचा किमान एक भाग उघडा ठेवणे. स्वच्छता करताना झुडपे काढावीत, पण पाचरीच्या आणि छिन्नीच्या खुणा असलेल्या भागावर यंत्र फिरवू नये. तिथे एक साधा फलक लावला, तरी पर्यटकाला भिंत आणि खाण यांचे नाते कळेल.

तिसरे, दुरुस्तीच्या निविदेत ‘काळा दगड’ एवढेच न लिहिता थराचा प्रकार, घनता, पाणी शोषण्याची मर्यादा आणि सुरुंगाशिवाय काढलेला दगड अशी अट घालणे. अशा थोड्या, पण नेमक्या दगडासाठी स्वतंत्र छोट्या परवानगीची गरज पडेल. ती महसूल आणि पुरातत्त्व या दोन्ही खात्यांनी मिळून द्यावी लागेल.

चौथे, हातांचे. छिन्नीकाम येणारे कारागीर आज जाते-पाटे घडवण्यात, मूर्तिकामात किंवा मजुरीत आहेत. दुरुस्तीची कामे त्यांना नियमित मिळाली, तरच पुढची पिढी हे काम शिकेल. दगड शिल्लक राहिला आणि घडवणारा गेला, तर नोंद आणि निविदा दोन्ही कागदावर राहतील.

वाचकाने काय पाहावे?

पुढच्या वेळी नळदुर्गला गेल्यावर पाणीमहालाकडे धावण्याआधी पश्चिमेच्या खंदकापाशी दहा मिनिटे थांबता येईल. सुरक्षित अंतरावरून समोरच्या कातळातील उभ्या भेगा पाहाव्यात. घट्ट आणि सच्छिद्र थरांतील फरक शोधावा. मग नजर वर नेऊन बुरुजाच्या दगडांचा रंग आणि पोत त्याच्याशी ताडून पाहावा. ओळीने पाडलेली खोबणी दिसली, तर फोटो काढावा, पण त्यावर नाव कोरू नये.

आपल्या गावाच्या शिवारातही अशी एखादी जुनी खदान असेल. पावसाळ्यात पोरे पोहतात, उन्हाळ्यात जनावरे उतरतात, अशी. गावचे मंदिर, वाडा, बारव किंवा जुनी शाळा तिच्यातूनच वर आली असण्याची शक्यता मोठी आहे. ती बुजवून तिच्यावर भराव टाकण्याचा ठराव ग्रामसभेपुढे आला, तर निदान हा प्रश्न विचारायला हवा : उद्या त्या मंदिराचा एक दगड निखळला, तर तसाच दुसरा आणायचा कुठून?